एकाच कंपनीत माणसांचे तीन आकडे का?

एमबीए करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न असा: "एका लिस्टेड कंपनीच्या वार्षिक अहवालात एका पानावर कर्मचारी ४,२०० लिहिलेत. त्याच पुस्तकात शंभरेक पानांनंतर तो आकडा ९,६०० होतो. आणि भरतीच्या जाहिरातीत '१२ हजारांचं कुटुंब' असं म्हटलंय. यातलं खरं काय? कंपन्या आपल्या माणसांबद्दल काय सांगायचं, काय नाही, हे कशावरून ठरवतात?"

बहुतेक तिन्ही आकडे खरे असतील. पहिला आकडा कंपनी कायदा २०१३ च्या कलम १९७(१२) मधून आणि त्याखालच्या २०१४ च्या नियमांतून येतो. तिथे 'रोलवरचे पर्मनंट कर्मचारी' एवढेच विचारले आहेत. दुसरा शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता) या अहवालातला आहे. त्यात पर्मनंट आणि पर्मनंट नसलेले, कर्मचारी आणि कामगार, असे सगळे रकाने आहेत. तिसऱ्या आकड्याला कोणत्याच कायद्याची व्याख्या नाही. त्यात उपकंपन्या, ट्रेनी, सिक्युरिटी, कॅन्टीन, कोणीही असू शकतं. म्हणजे तुम्हाला तीन वेगवेगळ्या प्रश्नांची तीन उत्तरं मिळाली आहेत. कंपनी माणसांबद्दल काय सांगते यावर सर्वांत मोठा प्रभाव कशाचा, याचं माझं उत्तरही यातच आहे: 'माणूस' म्हणून कोणाला मोजायचं हे कोण ठरवतं, याचा. बाकीचे सगळे प्रभाव त्यानंतर येतात.

मी २२ वर्षं या कामात आहे. सुरुवातीची दहा वर्षं चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांत एचआरमध्ये होते, नंतर कंपन्यांचे हे अहवाल तयार करून देण्याच्या कामात आले. पहिल्या कारखान्यात मला वार्षिक अहवालासाठी 'हेडकाउंट' द्यायला सांगितलं. मी पगारपत्रकावरून ६०० च्या आसपासचा आकडा दिला आणि तो छापून आला. त्याच महिन्यात कॅन्टीनच्या ठेकेदाराचं बिल माझ्याकडे सहीला आलं. तो ताटांवर पैसे घ्यायचा. तिन्ही पाळ्यांची मिळून रोजची ताटं होती दीड हजाराच्या वर. ताटाला खोटं बोलायचं कारण नसतं. त्या दिवसापासून कोणत्याही कारखान्याचा आकडा तपासताना मी कॅन्टीनचं बिल मागते. हजेरीचं मस्टर, ठेकेदाराचं पीएफचं चलन आणि कॅन्टीनची ताटं या तिघांचा मेळ बसला, तरच पुढे जाते.

हे जे मधले नऊशे होते, ते कोण? ठेकेदाराची पोरं, अप्रेंटिस, ट्रेनी, हाउसकीपिंगच्या बायका. मशिनवर पर्मनंट कामगाराच्या शेजारी उभं राहून तेच काम करणारे यांत बरेच. आजही देशभरातल्या संघटित कारखान्यांत, सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीनुसार, कामगारांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास कंत्राटी आहेत. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात कंपनी 'मुख्य मालक' ठरत होती; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली, तरी हे तत्त्व कायम आहे. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो भरण्याची जबाबदारी तिच्यावर येते. पण अहवालात हा माणूस आपला म्हणून दाखवायला कंपनीचे वकील कचरतात. उद्या त्याच कागदाचा आधार घेऊन कोणी कामगार न्यायालयात गेला आणि म्हणाला, 'यांनीच मला आपलं म्हटलंय', तर? ही भीती मी कित्येक बैठकांत प्रत्यक्ष ऐकली आहे. अहवालातल्या शब्दांवर जेवढा हात एचआरचा असतो, तेवढाच कायदा विभागाचा असतो, हे बाहेरच्याला दिसत नाही.

मग बदल झाला कशाने? माझ्या अनुभवात दुसरं काहीही नाही, फॉर्मने झाला. सेबीने २०१२ मध्ये सर्वांत मोठ्या १०० लिस्टेड कंपन्यांना बीआरआर नावाचा अहवाल सक्तीचा केला. पुढे तो ५०० आणि मग १,००० कंपन्यांपर्यंत नेला. त्यात माणसांबद्दल मोजकेच प्रश्न होते आणि उत्तरं गद्यात देऊन निभावता यायची. 'आमचे कर्मचारी हीच आमची संपत्ती' या छापाचे परिच्छेद मी स्वतः लिहिले आहेत. मे २०२१ मध्ये बीआरएसआरचा नमुना आला आणि २०२२-२३ पासून तो पहिल्या १,००० कंपन्यांना सक्तीचा झाला. यात गद्याची सोय फार कमी. पुरुष किती, स्त्रिया किती, दिव्यांग किती, पर्मनंट नसलेल्यांपैकी किती जणांना आरोग्य विमा आहे, किती जणांना फक्त किमान वेतन मिळतं आणि किती जणांना त्याहून जास्त, सगळे रकाने ठरलेले. रकाना रिकामा राहिला तर तो डोळ्यांत भरतो. ज्या कंपन्यांनी वीस वर्षं कंत्राटी कामगारांचा एकत्रित आकडा कधी काढला नव्हता, त्यांनी त्या एका वर्षात ठेकेदारांना पत्रं पाठवून तो गोळा केला. तो उन्हाळा माझ्या चांगला लक्षात आहे. एका कंपनीत ४० ठेकेदार निघाले आणि त्यातल्या सात जणांची नावं एचआरला पहिल्यांदाच कळत होती.

पण फॉर्म जे विचारत नाही, ते तसंच अंधारात राहतं. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण बीआरएसआर फक्त पर्मनंट कर्मचारी आणि पर्मनंट कामगारांसाठी विचारतं. कंत्राटी मुलगा सात महिन्यांनी बदलला काय आणि अकरा महिन्यांनी बदलला काय, त्याचा हिशेब कुठेच येत नाही. संचालकाचा पगार सर्वसाधारण कर्मचाऱ्याच्या किती पट, हे गुणोत्तर कलम १९७ खाली छापावं लागतं. व्यवहारात त्याचा मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा आकडा, निघतो तो रोलवरच्यांच्या पगारावरून. कमी पगाराची कामं ठेकेदाराकडे दिली की मध्यक आपोआप वर चढतो आणि गुणोत्तर सोज्वळ दिसू लागतं. असं कोणी मुद्दाम करतं असा माझा आरोप नाही. मात्र दोन कंपन्यांची तुलना करताना ही गोष्ट धरली नाही तर निष्कर्ष उलटा निघतो.

आता सुरक्षिततेकडे येते, कारण या पूर्ण विषयात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा आकडा तिथे आहे. एलटीआयएफआर म्हणजे दर दहा लाख मनुष्य-तासांमागे कामाचा वेळ बुडवणारे अपघात किती. वर अपघात, खाली तास. दोन्हीकडे हात फिरवता येतो.

खालची बाजू आधी. पर्मनंट माणसाचे तास बायोमेट्रिकमधून येतात. कंत्राटी माणसांचे बहुतेक ठिकाणी अंदाजाने धरतात: माणसं गुणिले आठ तास गुणिले दिवस. ठेकेदाराने मस्टरवर नावं जास्त दाखवली असतील तर तास फुगतात आणि दर खाली येतो. एक कल्पित उदाहरण घ्या. २,००० पर्मनंट माणसांचे वर्षाचे ४८ लाख तास आणि अपघात ६, म्हणजे दर १.२५. त्याच आवारात २,५०० कंत्राटी माणसांचे ७० लाख तास आणि अपघात १४, म्हणजे दर २. दोन्ही एकत्र केले की १.६९. बीआरएसआरच्या तक्त्यात 'कामगार' या ओळीत कंत्राटीही धरायचे आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे, पण ते वेगळे दाखवायचे नाहीत. त्यामुळे दुखापत कोणाला होते हे त्या ओळीतून कधीच कळत नाही. जिथे मला बोलायची संधी मिळते तिथे मी दोन ओळी छापायचा आग्रह धरते. ऐकणाऱ्या कंपन्या थोड्या आहेत.

शिवाय अमेरिकी पद्धतीत हाच दर दोन लाख तासांवर काढतात. अमेरिकी मूळ कंपनीचा ०.४ आणि तिच्या भारतीय लिस्टेड उपकंपनीचा २.० हे एकच आहेत. तरी 'भारतात पाचपट अपघात' असं म्हणणारा लेख मला एकदा दुरुस्तीसाठी परत पाठवावा लागला होता.

वरची बाजू जास्त क्लेशदायक आहे. अपघातानंतर माणूस ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर कारखाना निरीक्षकाला कळवायचं, असा कारखाना कायद्याचा नियम होता. त्यावरचा उपाय शॉपफ्लोअरवर सगळ्यांना ठाऊक असतो. दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून माणसाला आणायचं, हाताला बँडेज बांधून टाइम ऑफिसमध्ये खुर्चीवर बसवायचं आणि हजेरी लावायची. वेळ 'बुडाला' नाही. माझ्या उमेदीच्या काळात एका कारखान्यात प्रेस मशिनवर बोटं गेलेल्या एका ट्रेनीला मी असं बसलेलं पाहिलं आहे. त्याला चहाचा कप धरता येत नव्हता. त्या वर्षीच्या अहवालात अपघातांची संख्या शून्य होती आणि सुरक्षा सप्ताहात बक्षीस मिळालं होतं. तेव्हा मी बोलले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

वाहन उद्योगातल्या पुरवठादारांकडे हात-बोटं गमावणाऱ्या कामगारांच्या नोंदी सेफ इन इंडिया ही संस्था गेली काही वर्षं 'क्रश्ड' या वार्षिक अहवालातून प्रसिद्ध करते. त्यात हरियाणाबरोबर महाराष्ट्राकडे, म्हणजे मुख्यतः पुणे पट्ट्याकडेही लक्ष असतं. गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे अहवाल आणि हा अहवाल शेजारी ठेवून वाचा. मोठ्या कंपनीच्या आवारात आकडे चांगले आहेत, कारण प्रेसचं धोक्याचं काम तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्या वर्कशॉपमध्ये गेलं आहे. सेबीने २०२३ मध्ये पुरवठा साखळीचीही माहिती मागायचं ठरवलं होतं. पण कंपन्यांनी अडचणी मांडल्यावर ती एक वर्ष पुढे ढकलली आणि ऐच्छिकही केली. छोट्या पुरवठादाराला कागद भरायला माणूस नसतो हे खरं आहे, मी त्यांच्याकडे जाऊन पाहिलं आहे. तरी माझ्या मते निदान मृत्यू आणि अवयव गमावणाऱ्या अपघातांपुरती सक्ती ठेवायला हवी होती.

धंद्याचा प्रकार हाही मोठा प्रभाव आहे. आयटीत माणूस हाच माल, म्हणून तिथे माणसांची संख्या आणि सोडून जाण्याचं प्रमाण दर तिमाहीला नफ्याच्या बरोबरीने जाहीर होतं. हे कोणत्याही भारतीय कायद्याने सांगितलेलं नाही, विश्लेषकांनी मागून मागून पाडलेली सवय आहे. इन्फोसिस तर एके काळी वार्षिक अहवालात आपल्या मनुष्यबळाचं रुपयांत मूल्य काढून छापत असे, आणि त्याच्याही आधी सत्तरच्या दशकात भेलने तसा प्रयोग केला होता. आजच्या आयटी कंपनीचा 'अ‍ॅट्रिशन' साधारणपणे मागच्या बारा महिन्यांत स्वेच्छेने सोडून गेलेल्यांचा असतो. कंपनीने काढलेले त्यात नसतात. बीआरएसआरच्या व्याख्येत मात्र स्वेच्छेने गेलेले, काढलेले, निवृत्त झालेले, नोकरीत असताना वारलेले, सगळे येतात. त्यामुळे एकाच कंपनीचे दोन दर वेगळे दिसतात. ज्या वर्षी कपात होते त्या वर्षी या दोहोंतली फट रुंदावते. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा हिंजवडीतल्या घराघरांत हा विषय होता. अशा वेळी फक्त ऐच्छिक दर वाचून 'लोक आता टिकताहेत' असा निष्कर्ष काढणं चूक ठरतं.

बँकांची गोष्ट वेगळी, आणि मला आशा देणारी. खासगी बँकांत, विशेषतः शाखांतल्या तरुण अधिकाऱ्यांत, सोडून जाण्याचं प्रमाण प्रचंड आहे हे आतल्यांना ठाऊक होतं. बीआरएसआर सक्तीचं झाल्यावर ते आकडे एकमेकांशेजारी ठेवता येऊ लागले आणि वर्तमानपत्रांत तक्ते आले. डिसेंबर २०२४ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या अहवालात खासगी आणि स्मॉल फायनान्स बँकांमधलं हे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास असल्याचं नमूद झालं आणि त्यामुळे कामकाजाची जोखीम वाढते असा इशाराही आला. आकडा उघडा झाला की त्याला मालक मिळतो. पुढच्या वर्षी संचालक मंडळ त्याबद्दल विचारतं आणि एचआर प्रमुखाला उत्तर द्यावं लागतं.

परदेशी वाऱ्यांचाही परिणाम होतो. युरोपला माल पाठवणाऱ्या इचलकरंजी-सोलापूरच्या कापड कारखान्यांना किंवा पुण्याच्या फोर्जिंग युनिटना सेबीपेक्षा खरेदीदाराच्या प्रश्नावलीची धास्ती जास्त असते. ऑर्डर तिथून येते. कंपन्यांना पर्यावरण आणि माणसांबद्दलची माहिती जाहीर करायला लावणाऱ्या युरोपीय संघाच्या सीएसआरडी या कायद्यामुळे २०२३-२४ मध्ये या प्रश्नावल्या जाडजूड झाल्या होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपीय आयोगानेच तो कायदा सैल करण्याचा प्रस्ताव आणला आणि काही महिन्यांत माझ्याकडे येणारे फोन कमी झाले. अमेरिकेत २०२० पासून मनुष्यबळाचं वर्णन करणं लिस्टेड कंपन्यांना भाग आहे, पण माणसांच्या संख्येपलीकडे काय मोजायचं हे ठरवून दिलेलं नाही. जे कंपनीला महत्त्वाचं वाटेल ते सांगा, एवढंच. म्हणून राजकारण बदललं की मजकूर बदलतो. जानेवारी २०२५ नंतर तिथल्या अनेक कंपन्यांनी विविधतेवरचे परिच्छेद कापले किंवा काढून टाकले. व्याख्या आणि रकाने पक्के असलेला आपला नमुना कितीही रूक्ष वाटला तरी मला तो त्या मोकळीकीपेक्षा बरा वाटतो.

लैंगिक छळाच्या तक्रारींबद्दल थोडक्यात. 'शून्य तक्रारी' वाचून समाधान मानू नका. हजारो स्त्रिया असलेल्या कंपनीत वर्षानुवर्षं शून्य असेल, तर तक्रार समितीपर्यंत पोचण्याची वाट बंद असण्याची शक्यता मला जास्त वाटते. तक्रारी वाढल्या तर बातमी होते, म्हणून हा आकडा छापण्यापूर्वी मंडळात जी चुळबुळ होते ती मी पाहिली आहे. जुलै २०२५ पासून संचालकांच्या अहवालातच किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि ९० दिवसांहून जास्त काळ किती पडून आहेत, हे सांगावं लागतं. यातला तिसरा आकडा खरा बोलका.

तपासणीचाही परिणाम होतो. बीआरएसआरमधल्या निवडक मुद्द्यांची स्वतंत्र पडताळणी २०२३-२४ पासून पहिल्या १५० कंपन्यांना लागू झाली, आणि त्यापुढे टप्प्याटप्प्याने इतरांना. पडताळणीवाला कागद मागतो, म्हणून ठेकेदारांच्या तासांचा अंदाज सोडून गेटच्या नोंदी आणाव्या लागतात. काही कंपन्यांनी या निमित्ताने मागच्या वर्षीचे आकडे दुरुस्त करून छापले. अशी दुरुस्ती दिसली तर त्या कंपनीबद्दल माझा विश्वास वाढतो.

हे सगळं मात्र लिस्टेड, आणि त्यातही मोठ्या, कंपन्यांपुरतं. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका बड्या सल्लागार-हिशेबतपासणी संस्थेत काम करणाऱ्या तरुण मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईचं पत्र देशभर वाचलं गेलं. त्या संस्थेच्या कामाच्या तासांबद्दल, सोडून जाणाऱ्यांबद्दल लोकांनी माहिती शोधली, तेव्हा शोधण्यासारखं काही नव्हतं. भागीदारी संस्थांना, प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांना यातलं फारसं काही लागू नाही. एमआयडीसीतले बहुसंख्य कारखाने याच वर्गातले आहेत.

तुम्ही अभ्यासासाठी अहवाल वाचणार असाल तर या क्रमाने वाचा. आधी बीआरएसआरचा भाग 'अ' उघडा आणि अहवाल एकट्या कंपनीचा आहे की पूर्ण समूहाचा, ते पाहा. मग कर्मचारी-कामगारांच्या तक्त्यात पर्मनंट नसलेल्यांचं प्रमाण काढा. बीआरएसआरच्या नऊ तत्त्वांपैकी तत्त्व ५ मधल्या किमान वेतनाच्या तक्त्यात याच लोकांपैकी किती जण नेमक्या किमान वेतनावर आहेत ते शोधा. तत्त्व ३ मधला एलटीआयएफआर घ्या आणि त्याच्याशेजारी मृत्यू आणि गंभीर दुखापतींचा आकडा ठेवा. दर खाली आणि मृत्यू वर असं चित्र दिसलं तर छोट्या अपघातांची नोंद होत नाही असं समजा, कारण बँडेज बांधून खुर्चीवर बसवता येतं, मृत्यू लपवणं फार कठीण असतं. हे तीन वर्षांचे अहवाल समोर ठेवून करा. आणि एक शेअर विकत घ्या. सर्वाधिक पगाराच्या कर्मचाऱ्यांची यादी बहुतेक कंपन्या छापील पुस्तकात घालत नाहीत, पण भागधारकाने कंपनी सचिवाला लिहिलं तर ती द्यावी लागते. वार्षिक सभेत प्रश्नही विचारता येतो. मी गेल्या वर्षी एका सभेत कंत्राटी कामगारांचे अपघात वेगळे किती, एवढंच विचारलं. उत्तर सभेत मिळालं नाही, तीन आठवड्यांनी मेलने आलं, आणि या वर्षीच्या अहवालात ती दुसरी ओळ छापली आहे.